पायांखालचा नमदा

"अपा, ही पेटी मंचावर येणार नाही," एल्दियार म्हणाला आणि आमच्या म्हाताऱ्यांच्या स्पीकरवर त्याने बुटाचं टोक टेकवलं.

आधी पाय काढ, मग बोल, असं मी त्याला सांगितलं. त्याने पाय काढला. चाळिशीला आलेला माणूस, दोन मुलींचा बाप, अख्ख्या नारीनमधल्या लग्नांचं गाणंबजावणं याच्या हातात. पण माझ्यासमोर अजून गृहपाठ न केल्यासारखा उभा राहतो. माझ्यासमोर बरेच जण तसेच उभे राहतात. मला त्याचं वाईट वाटत नाही.

संस्कृती भवनाच्या मंचावर आम्ही तिघं होतो, तो, मी आणि आमचे म्हातारे, म्हणजे माझे यजमान; मागे ड्रमवाला ड्रम लावत होता. आमच्या बेगायीमची पाठवणी परवावर आली होती. ती नात खरी, पण मुलगीच म्हणायची. पहिलं नातवंड आजी-आजोबांच्या पदरात घालायची आमच्याकडची रीत. चाळीस दिवसांची झाली तेव्हा सुनेने तिला माझ्या मांडीवर ठेवलं. गाव मला मानाने अपा म्हणतं, पण तेव्हापासून मी तिची अपा म्हणजे आई, म्हातारे तिचे अताके म्हणजे बाबा, आणि जन्म दिलेल्या आईबापांना ती नावाने हाक मारते. लग्न ठरल्यावर तिने ना कपड्यांचा हट्ट केला, ना दागिन्यांचा. निघायच्या गाण्याला बास गिटार अताकेच वाजवतील, दुसरं कुणी वाजवलं तर मी गाडीत बसणार नाही, एवढंच म्हणाली.

एल्दियारचं म्हणणं असं की, बासचा एक आवाज मंचावरच्या पेटीतून आणि दुसरा सभागृहाच्या मोठ्या स्पीकरांतून निघाला की दोघांची मारामारी होते. पुढच्या टेबलांना नुसते दणके बसतात, मागच्यांना काही कळत नाही. शिवाय पेटी जुनी, सारखी घूं घूं करते. आणि आता तिच्या जागी भिंतभर पडदा लागणार, त्यावर बेगायीमचे लहानपणापासूनचे फोटो दिसणार. त्याने खिशातून साबणाच्या वडीएवढी एक काळी लोखंडी डबी काढली. गिटारची वायर हिच्यात घालायची, हिच्यातून थेट त्याच्या मिक्सरला. मधे काही नाही.

"बास वाजवणाऱ्याला एवढी डबी पुरते, बाइके," तो म्हाताऱ्यांना म्हणाला; वडीलधाऱ्या माणसाला आमच्याकडे बाइके म्हणतात. "बिश्केकमध्ये आता कुणी पेट्या वाहत नाही."

म्हातारे हसले आणि त्यांनी मान डोलावली. ते हसू मी ओळखत होते. शब्द कानात शिरला नाही की ते तसं हसतात.

चार वर्षं झाली होती त्याला. आधी पाखरं गेली, मग दारावरची थाप गेली, मग मी गेले. एका सकाळी चहा पिताना त्यांनी मला सांगितलं की, तू बोलतेस ते मला आता तोंडावरून कळतं. तेवढंच. दिवसा वीज कंपनीचे मीटर वाचत आणि लग्नाकार्यात बास वाजवत या माणसाचा जन्म गेला. संस्कृती भवनाच्या वाद्यवृंदात ते बाविसाव्या वर्षी लागले होते. बहिरा मीटर वाचू शकतो. बहिरा बासवाला म्हटलं की लोक हसणार. म्हणून त्या दिवसापासून मी घरात आणि घराबाहेर दोघांचं बोलायला लागले. कुणी त्यांना काही विचारलं की उत्तर माझ्याकडून. कुणाचं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचवायचं असलं की मी त्यांच्याकडे तोंड करून तेच पुन्हा बोलायची, कुरकुर केल्यासारखी. गावात म्हणतात, त्या बाईने नवऱ्याला तोंड उघडायची मुभा ठेवली नाही. म्हणू देत. त्यांच्या तोंडावर हसण्यापेक्षा माझ्या पाठीमागे बोललेलं बरं.

आणि ते वाजवायचे कसे, तर त्या पेटीला पाठ लावून. दवाखान्याच्या मोडक्या कपाटाच्या फळ्या आणून त्यांनी ती स्वतः बनवली होती. वाजवलं की फळी थरथरते आणि कंबरेत कळतं, एवढं मला ठाऊक होतं. म्हणजे ही पेटी काढून घेतली की तालासचे व्याही, विहीण आणि तीनशे पाहुण्यांसमोर सगळं उघडं पडणार. निघायच्या गाण्याला पडणार. पोरगी ते डोळ्यांत घेऊन सासरी जाणार.

तेव्हा मी भांडले. घराला जशी मागे भिंत लागते तसा वाजवणाऱ्याला मागे त्याचा स्पीकर लागतो, असं एल्दियारला सुनावलं. त्यानेही बिचाऱ्याने सांगितलं की, डबीला दुसरं भोक असतं, तिथून पेटीलाही वायर देता येते. जागा असती तर दिलीच असती. मी म्हटलं, पडदा काढ, त्या पोरीचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. हे चाललेलं असताना मागे वळून बघते, तर म्हाताऱ्यांनी बूट काढून बाजूला ठेवले होते, डबीत वायर खोचली होती आणि नुसत्या मोज्यांवर लाकडी फळ्यांवर उभे होते. एल्दियार लगबगीने खाली मिक्सरकडे गेला. ड्रमवाल्याने चार ठोके दिले.

म्हाताऱ्यांनी गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवलं. डोळे मिटून. एक ठोका इकडचा तिकडे झाला नाही.

"चालेल," ते म्हणाले. "ही डबी चांगली आहे."

घरी जेवताना त्यांनी वाटीतून तोंड वर केलं आणि म्हणाले, "आज मी सगळं ऐकलं. ड्रमसुद्धा." कसं ते विचारलं तर म्हणाले, डबीमुळे, आणि पुन्हा वाटीत बघायला लागले. सेहेचाळीस वर्षं त्यांनी मला प्रत्येक गोष्ट एवढ्याच शब्दांत समजावली आहे. आणि मी, जी दारावरून जाणाऱ्या परक्यालाही कुठे चाललास म्हणून विचारते, त्या दिवशी पुढे विचारलं नाही. मला वाटलं, एखाद्या दिवशी कान उघडत असतील, म्हातारपणी काय सांगावं.

माझ्या डोक्यात भलतंच घोळत होतं. ते मोजे. तालासचे लोक पुढच्या टेबलांवर बसणार, आणि आमचा माणूस त्यांच्यासमोर उघड्या फळ्यांवर मोज्यांनी उभा राहणार, जसं काही त्याच्या घरात पायांखाली काही अंथरणारं कुणी नाही. आमच्याकडे सुया विकायला आलेल्यालाही कुणी उघड्या जमिनीवर बसवत नाही. बूट घाला म्हटलं, तर नाही म्हणाले. का, तर त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. ऐकायचं नसलं की ते बघणं बंद करतात.

पाठवणीच्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला तालासच्या गाड्या आल्या. विहीणबाई माझ्याएवढ्याच उंच, हातात माझ्यापेक्षा जास्त अंगठ्या. भिंतीशी बेगायीमसोबत जायचं सामान मांडलं होतं, गाद्या, रजया, पेटारा, आणि सगळ्यांच्या वर मी केलेला नमदा, दाबलेल्या लोकरीचा जाड गालिचा. लाल-काळा, शिंगांच्या नक्षीचा. लोकर धुण्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत दोन हिवाळे गेले त्याला, आणि माझ्या उजव्या अंगठ्याचं नख. विहीणबाईंनी त्याची कड उलटून टाके बघितले, मशीनचे आहेत का म्हणून. मी बघू दिलं. त्यांनी कड जागेवर ठेवली आणि काही बोलल्या नाहीत. तेव्हा मला कळलं की त्यांना बोलायला काही सापडलं नाही.

पहिलं गाणं सुरू झालं. म्हातारे मोज्यांनी फळ्यांवर, डबी त्यांच्या पायाशी, आणि पडद्यावर बेगायीमचा दात पडलेला फोटो. मी फक्त त्यांच्या बोटांकडे बघत होते. बोटं तिशीतल्या माणसाची होती. मंचाखालच्या स्पीकरांतून तो आवाज निघून टेबलांच्या पायांतून वर यायचा आणि पेल्यांतल्या चहावर बारीक वळ्या उठायच्या. विहीणबाई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, तुमच्या माणसात अजून जोर आहे की. मी म्हटलं, नारीनचं पाणी आहे, तुम्हीही दोन दिवस राहून बघा. त्या हसल्या. मी इतकी फुगले होते की खुर्ची पुरत नव्हती.

त्या फुगलेपणातच पुढचं झालं.

सूत्रसंचालकाने मला आशीर्वाद द्यायला मंचावर बोलावलं. मी दोघी पुतणसुनांना खूण केली, सामानावरचा नमदा उचला म्हणून. दुहेरी घडी घाला, म्हणजे पायांना गार लागणार नाही. आम्ही तो वर नेला आणि मी स्वतः वाकून म्हाताऱ्यांच्या पुढ्यात अंथरला. सूत्रसंचालकाला तेवढंच पाहिजे होतं. जुमाकादिर-आकेंच्या पायांखाली त्यांच्या घरधनिणीने आपले दोन हिवाळे अंथरले, असं तो माईकमध्ये म्हणाला, आणि सगळं सभागृह टाळ्या वाजवायला लागलं. विहीणबाईही वाजवत होत्या.

म्हाताऱ्यांनी आधी नमद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, लाजले. मग त्यांनी एक पाय उचलून त्यावर ठेवला, मग दुसरा.

दुसरं गाणं नाचाचं होतं. सुरुवातीला मला काही कळलं नाही. मग गाणारीने एकदा मागे वळून बघितलं. मग ड्रमवाल्याने बघितलं. म्हाताऱ्यांची बोटं चालत होती, पण ती दुसऱ्याच कुठल्या तरी गाण्यात चालत होती. ड्रम एकीकडे, बास एकीकडे, आणि नाचणारी मंडळी मधेच पाऊल अडखळून एकमेकांकडे बघून हसत होती. म्हाताऱ्यांच्या कपाळावर घाम आला होता. आणि मग एकाएकी सगळं ठीक झालं. नाच सरळ झाला. पण पेल्यांतला चहा स्थिर होता.

मी उठून मिक्सरपाशी गेले. एल्दियारचं बोट एका बटणावर होतं, आणि ते बटण खाचेत पार तळाला गेलेलं.

काय केलंस, असं मी त्याला विचारलं. तो माझ्याकडे न बघता म्हणाला की, बाइके दोन ठोके मागे पडलेत, म्हणून त्यांना खाली घेतलंय. कीबोर्डवाला डाव्या हाताने बास भरून काढतोय. त्यांची वायर थेट माझ्याकडे येते, मागे पेटी नाही, त्यामुळे कुणाला कळणार नाही.

"आणि त्यांना?"

आता त्याने बघितलं. "ऐकू येत असतं तर एव्हाना त्यांनी मला हाक मारली असती, अपा. कधीपासून?"

चार वर्षं मी ज्या प्रश्नाच्या आडवी उभी होते, तो असा बाजूने आत आला. तोच पुढे म्हणाला की, पण परवा तर अगदी बरोबर होते. आणि आत्ता पहिल्या गाण्यालाही. मधे झालं काय?

मी मंचाकडे बघितलं. म्हातारे वाजवत होते, आणि त्यांच्या उजव्या पायाची बोटं मोज्यातून नमद्यात रुतत होती. उकरल्यासारखी. टाच उचलून पुन्हा दाबत होते, पुन्हा बोटं. खालच्या फळीपर्यंत पोचायचा प्रयत्न चालला होता, आणि मधे माझे दोन हिवाळे होते, दुहेरी घडी घालून.

स्पीकर मंचाखाली. ड्रमचा ठोका फळ्यांतून वर यायचा. ते पायांनी ऐकत होते. म्हणून बूट काढले होते. सगळं ऐकलं, असं मला घरी येऊन सांगितलंही होतं.

नाच संपला. मी मंचाच्या कडेला गेले आणि त्यांच्याकडे तोंड करून, आवाज न काढता, ओठांनी म्हटलं, खाली उतरा, फळीवर या. त्यांना कळलं. त्यांनी नमद्याकडे बघितलं, मग माझ्या खांद्यावरून मागे बघितलं. मी वळले नाही, पण तिथे काय आहे ते मला माहीत होतं. विहीणबाई आपल्या जावांना बोट दाखवून नमद्याची नक्षी समजावत होत्या. म्हाताऱ्यांनी हळूच मान हलवली. नाही म्हणून. तीनशे माणसांच्या टाळ्या घेतलेला बायकोचा मान असा पायाखालून सरकवायचा नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. सगळ्या जन्मात हट्ट करायला त्यांना हीच वेळ सापडली.

मी वर चढून नमदा ओढला असता. शपथेवर सांगते, एक पाय पायरीवर होता. पण तेवढ्यात बेगायीम उभी राहिली, बायका रडायला लागल्या, आणि गाणारीने निघायचं गाणं उचललं.

मी मिक्सरपाशी परत आले. एल्दियारचे डोळे ओले झाले होते. हे गाणं त्यांचं आहे अपा, चुकले तर चुकले, असं काहीतरी म्हणत त्याने ते बटण वर सरकवायला घेतलं.

मी त्याचं मनगट धरलं.

"राहू दे खाली," मी म्हटलं.

तो म्हणाला, अपा, आयुष्यभर... आणि थांबला. मी मनगट सोडलं नाही. माझ्या हातात अजून मेंढी आडवी पाडायची ताकद आहे. पोरगी निघताना लोक हसले नाही पाहिजेत. तिच्यावर नाही आणि त्यांच्यावर नाही. मला तेवढंच सुचलं, आणि दुसरं काही सुचायला वेळ नव्हता.

गाणं भरात चालू होतं आणि त्यात ते नव्हते. बेगायीम टेबलांमधून एकेकाच्या गळ्यात पडत माझ्यापर्यंत आली. तिने माझ्या मानेत तोंड खुपसलं आणि मग एकदम वर केलं.

"अपा, अताकेंचा आवाज येत नाहीये."

"रडून रडून कान भरलेत तुझे," मी म्हटलं. "बघ तिकडे, वाजवतायत."

तिने बघितलं. ते वाजवत होते. ना बोटांकडे बघत होते, ना ड्रमवाल्याकडे. फक्त तिच्याकडे. पाय आता स्थिर होते, काही शोधत नव्हते. ती नाक ओढत हसली आणि त्यांना हात केला, आणि त्यांनी वाजवता वाजवता हनुवटीने जा, जा, असं केलं.

ती गाडीत बसली. सामान मागच्या गाडीत चढलं, नमदा गुंडाळून सगळ्यात वर. विहीणबाईंनी माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाल्या, असं पाठवणं आमच्या तालासमध्ये कुणी पाहिलं नाही. मी म्हटलं, पोहोचल्याचा फोन करायला सांगा.

आम्ही घरी आलो तेव्हा ऊन अजून अंगणात होतं. एल्दियारने पेटी परत आणून दिली आणि माझ्या नजरेला नजर न देता गेला. म्हाताऱ्यांनी ओसरीत बसून गिटार मांडीवर घेतली. मी बोरसोक तळून उरलेलं पीठ झाकत होते, मग ते सोडून त्यांच्यासमोर जाऊन बसले, म्हणजे त्यांना माझं तोंड दिसेल.

"नमद्याचं मला माहीत नव्हतं," मी म्हटलं.

"मी सांगितलं नव्हतं," ते म्हणाले. "स्वतःचं वाजलेलं हातात कळतं. दुसऱ्यांचं पायांतून यायला लागतं." त्यांनी गिटारवर हात फिरवला. "एल्दियारने दुसऱ्याच गाण्याला मला बंद केलं. मी त्याचा हात बघितला. बरं केलं. मीही तेच केलं असतं."

मी हाताला लागलेलं पीठ खरवडत होते.

"शेवटच्याला तो उघडत होता," ते म्हणाले.

"हो."

"तू धरलास."

"हो," मी म्हटलं. जगातल्या कुठल्याही माणसाला मी त्यावर चार वाक्यं सुनावली असती.

त्यांनी मान हलवली. रागाने नाही, नुसती, मीटरवरचा आकडा वाचून वहीत उतरवताना हलवायचे तशी. मग त्यांनी गिटारची मान स्वतःकडे ओढली आणि खुंटी उलटी पिळायला सुरुवात केली. वाजवून झाल्यावर ते फडक्याने तारा पुसतात आणि झाकून ठेवतात. तारा सोडताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. सगळ्यात बारीक तार आधी सैल झाली, मग तिच्या शेजारची, मग तिसरी. चौथी, सगळ्यात जाड, तिच्यापाशी ते थांबले. माझा हात घेऊन त्यांनी तो तारेवर पालथा ठेवला, एकदा ती छेडली आणि खुंटी पिळू लागले. आधी ती माझ्या तळव्यात जोरात थरथरली, कोपरापर्यंत. मग मंद झाली. मग नुसती तार राहिली, गार, आणि तिच्यावर आमचे दोघांचे हात.